पंपावरचा आळ

चढाला लागलेला जुना ट्रक तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, दुसऱ्यावरून पहिल्यावर. ॲक्सिलरेटर फळीला टेकलेला असतो आणि तरी इंजिनाचा आवाज बसत जातो. दोन-तीन हुंदके, मग शांतता. क्लीनर उडी टाकून चाकामागे दगड लावतो. एवढ्यात शेजारून जाणारा दुसरा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून निदान सांगून जातो, ‘पंप गेलाय.’ त्याने बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं आणि पाहायची गरजही त्याला वाटत नाही. पुढच्या गॅरेजातला मिस्त्री तेच म्हणतो, मालक फोनवर तेच म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत पंप उतरून, गोणपाटात गुंडाळून, टेम्पोने तालुक्याच्या पंप-रूमकडे निघालेला असतो. इतकं एकमत आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या विषयावर होत असेल असं वाटत नाही.

पंप म्हणजे अर्थात फ्युएल इंजेक्शन पंप. जुन्या टाटा १२१० सारख्या गाडीत इंजिनाच्या कुशीला बसवलेला, डोक्यावर सहा बारीक पोलादी नळ्या घेऊन उभा असलेला तो ठोकळा. गाडी ओढत नाही, मिसिंग करते, सकाळी उठत नाही, चालता चालता बंद पडते. तक्रार कोणतीही असो, आळ याच्यावर. चवथीचा चंद्र या पंपाने किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. माझं म्हणणं असं की जुन्या डिझेल गाडीत पुरवठ्याचा दोष आधी पंपाच्या मागे, टाकीपासून पंपापर्यंतच्या तीन-चार मीटरांत शोधावा. तो टापू निर्दोष ठरला तरच पंपाच्या बोल्टला पाना लावावा.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची रीत आहे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडणं म्हणजे दाव्याला बांधलेल्या बैलाशी झुंज. तर पंपवाद्यांचं म्हणणं असं. सगळ्या इंधनव्यवस्थेत पंपाइतका नाजूक आणि अचूक भाग दुसरा नाही, आणि जे नाजूक ते आधी बिघडणार. शिवाय अनुभव आहेच: पंप उतरवला, करून आणला, बसवला, गाडी पळाली, याहून मोठा पुरावा कोणता? बरं, हा नुसता मिस्त्रीचा अंदाज नाही. पंप-रूममधला बेंच मोजून दाखवतो, आणि जुना पंप त्यावर चढवला की माप कमी-जास्त निघतंच. अलीकडे यात चौथा मुद्दा आला आहे: नव्या डिझेलात चिकटपणा राहिला नाही, ते पंप खातं. यातला एकही मुद्दा हवेतला नाही. पहिला तर अर्धा खरा आहे, म्हणून तो सगळ्यांत फसवा.

पंपाच्या अचूकतेबद्दल वादच नाही. हिशेब करून पाहा. सव्वाशेच्या आतल्या अश्वशक्तीचं, सहा सिलिंडरचं इंजिन पूर्ण भाराने मिनिटाला २८०० फेऱ्या फिरतं तेव्हा ते ताशी २० ते २५ लिटर डिझेल पितं. दर सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणजे सहांचे मिळून तासाला पाच लाखांवर फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याच्या वाट्याला ४० ते ५० घन मिलिमीटर येतात. पाण्याचा एक थेंब साधारण एवढाच असतो. हा थेंब प्रत्येक वेळी तेवढाच, एक-दोन मिलिसेकंदांत, सुमारे २०० बार दाबाने नोझलमधून गेला पाहिजे. त्यासाठी प्लंजर आणि बॅरल, ज्या जोडीला आपले मिस्त्री ‘एलिमेंट’ म्हणतात, एकमेकांत घासून अशी बसवतात की दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनांची राहते. इथला प्लंजर तिथल्या बॅरलमध्ये चालत नाही. एक मोडला तर जोडी बदलायची.

खुद्द रुडॉल्फ डिझेलला हे जमलं नव्हतं. १८९७ मध्ये चाचणीला उतरलेल्या त्याच्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी वेगळा काँप्रेसर. असलं धूड कारखान्यात चालतं, जहाजावर चालतं. ट्रकवर ते चढत नाही. १९२७ मध्ये बॉशने असे इंजेक्शन पंप मालिकेने बनवायला घेतले आणि मग डिझेलला रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरची मायको सुरू झाली, १९५४ मध्ये टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला, आणि हा ठोकळा देशाच्या हमरस्त्यांवर फिरू लागला. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी गॅरेजात अजून ‘मायकोचा पंप’च चालतो. गंमत अशी, की ज्या हवेच्या खांद्यावर बसून डिझेलसाहेबांचं इंधन आत गेलं, तीच हवा आज या व्यवस्थेची पहिली वैरीण आहे. तिच्याकडे लवकरच येतो.

अचूक ते नाजूकच असतं, हे मात्र मला मान्य नाही. पंपाची कॅमशाफ्ट तेलात फिरते, एलिमेंट कठीण पोलादाचं असतं, आणि त्याच्यापर्यंत पोचणारं डिझेल दोन फिल्टरांतून गाळून आलेलं असतं. एलिमेंट झिजतं, पण लाखो किलोमीटरांत, आणि ते झिजल्याचं कळतंही सावकाश. पहिलं लक्षण बहुधा असं दिसतं की थंड गाडी सुरू होते, पण धाब्यावर जेवायला थांबवलेली गरम गाडी पुन्हा उठायला वेळ लावते. गरम डिझेल पातळ होतं आणि स्टार्टरच्या मंद फेऱ्यांवर झिजलेल्या फटीतून निसटतं. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओलं गोणपाट टाकून बसतात आणि पाच-दहा मिनिटांनी गाडी सुरू करतात. तो तोडगाही आहे आणि चाचणीही. पण परवा घाट चढलेली गाडी आज चढेना, तर एका रात्रीत काय झिजलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. झिजेला महिने लागतात. अचानक आलेल्या दुखण्याचं कारण अचानक घडणाऱ्या गोष्टींत शोधायला हवं: अडकलेला कचरा, तडकलेला पाइप, तुंबलेला फिल्टर, शिरलेली हवा, आणि हसू नका, पेडलखाली सरकलेली चटई.

आणखी एक गोष्ट पंपवादी विसरतात. हा पंप टाकीतून काही ओढत नाही. ते काम त्याच्याच अंगावर बसवलेल्या छोट्या फीड पंपाचं. तो टाकीतलं डिझेल ओढतो, फिल्टरांतून पुढे लोटतो आणि इंजेक्शन पंपाच्या गॅलरीत एक-दीड बार दाबाने हजर करतो. जादा झालेलं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत टाकीकडे जातं. मोठा पंप फक्त समोर आलेल्या इंधनाचं माप घेतो आणि ते दाबतो. समोर काय यावं, यावर त्याची सत्ता नाही. डिझेल आलं तर डिझेल दाबेल, हवा आली तर हवा.

हवा दाबणं म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे. २०० बार दाबाखाली डिझेल जेमतेम सव्वा-दीड टक्का आकसतं. हवेचा बुडबुडा त्याच दाबाखाली आकसत आकसत दोनशेव्या हिश्शाएवढा होतो. प्लंजर वर येतो, आपली सगळी धाव बुडबुडा चेपण्यात घालवतो, आणि नोझलची सुई उचलायला लागणारा दाब तयार व्हायच्या आत त्याची खाली जायची वेळ होते. बुडबुडा पुन्हा फुगतो. सिलिंडर उपाशी राहतं. पंपात काडीचा दोष नसताना पंप ‘माल देत नाही’ म्हणतात ते हे.

ही हवा येते कुठून? इथे आपल्या सगळ्यांची सहजबुद्धी दगा देते. आपल्याला वाटतं, पाइपला भेग असेल तर डिझेल गळेल, ओल दिसेल, धूळ चिकटून काळा डाग पडेल. फीड पंपाच्या पुढे हे खरं आहे, कारण तिथे दाब असतो. पण टाकी ते फीड पंप हा टापू ओढीखाली असतो. इंजिन चालू असताना त्या टापूतल्या भेगेतून डिझेल बाहेर येत नाही. हवा आत जाते. मिस्त्री पाइपवरून हात फिरवतो, हात कोरडा निघतो, आणि ‘लाइन ओके’ म्हणून तो पंपाकडे वळतो. गाडी रात्रभर उभी राहिली की याच भेगेतून हवा शिरून नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, सकाळी हँड पंप मारमारून हात दुखतात, आणि एकदा सुरू झालेली गाडी दिवसभर बरी चालते. ‘सकाळी उठत नाही’ या तक्रारीवर बॅटऱ्या बदलल्या गेल्या आहेत, स्टार्टर बांधले गेले आहेत, पंप तर उतरले आहेतच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्या मामांची १२१० लासलगावहून कांदा घेऊन वाशीला जायची. लासलगावला टाकी भरायची आणि परत येईपर्यंत ती पुरवायची, असा मामांचा शिरस्ता. जाताना कधी तक्रार नाही. येताना मात्र, गाडी रिकामी असो की खताच्या गोण्यांनी भरलेली, कसाऱ्याचा घाट लागला की ती हुंदके द्यायला लागे. चढावर पंप कमी पडतो, असं ठरलं. एका पंप-रूममध्ये तो दोनदा उघडला, दुसऱ्या खेपेला सगळे एलिमेंट नवे पडले. कांद्याच्या दोन हंगामांची कमाई त्यात गेली असं मामी म्हणायची, आणि हिशेबात मामी मामांपेक्षा पक्की होती. तरी घाट आला की हुंदके होतेच.

पुढे एकदा ट्रकवाल्यांचा संप होणार अशी आवई उठली, म्हणून वाशीहून निघतानाच टाकी पुन्हा काठोकाठ भरली. त्या दिवशी गाडी कसारा असा चढली की ड्रायव्हरने घाटमाथ्यावर उतरून देवीला नारळ फोडला. नारळ फोडून झाल्यावर मात्र त्याच्या डोक्यात आलं, की आज वेगळं काय होतं? नुसती टाकी. घरी आल्यावर टाकीतली उभी सक्शन नळी बाहेर काढली. साधारण मध्यावर, जुन्या डागाशेजारी, केसाएवढी भेग होती. पातळी भेगेच्या वर असेपर्यंत भेगेतूनही डिझेलच यायचं. पातळी खाली गेली की हवा. सपाटीला हलक्या पायाने चाललेल्या गाडीचं थोडक्या डिझेलात भागतं. मधूनच येणारा हुंदका कोणी मनावर घेतला नव्हता. घाटात फीड पंपाची ओढ वाढली की भेग पुरती तोंड उघडायची. जाताना उतार आणि भरलेली टाकी, येताना चढ आणि अर्ध्याखाली गेलेली टाकी. दोन गोष्टी दर खेपेला हातात हात घालून येत होत्या आणि सगळे त्यातली एकच पाहत होते.

आपल्या नैयायिकांना हा घोळ चांगला ठाऊक होता. जिथे अग्नी तिथे धूर, असं कोणी म्हणालं तर ते त्याला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवतात. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीच्या जोडीला ओलं इंधन लागतं. नियमाच्या पाठीमागे दडलेल्या अशा अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात, आणि अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकलेला प्रत्येक विद्यार्थी ओल्या इंधनाचं हेच उदाहरण देतो. ‘चढ लागला की पंप कमी पडतो’ या नियमामागची उपाधी होती अर्धी टाकी. तीही शेवटी इंधनाचीच गोष्ट निघाली.

आता अनुभवाचा मुद्दा: पंप केला आणि गाडी पळाली. हे खोटं नाही. असं पुष्कळदा होतं. पण पंप उतरवताना आणखी काय काय होतं ते पाहा. येणारे-जाणारे सगळे बँजो बोल्ट सुटतात. परत बसवताना प्रत्येकाखालचे तांब्याचे वॉशर नवे पडतात, निदान भट्टीत लाल करून मऊ केले जातात. कडक झालेला रबरी होज ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून बदलला जातो. फिल्टर नवे येतात, कारण नव्या पंपाला जुना फिल्टर लावायला कोणाचं मन धजत नाही. फीड पंपाखालच्या वाटीतली जाळी धुतली जाते. शेवटी हँड पंप मारून, ब्लीड स्क्रू सैल करून, सगळी हवा काढली जाते. गाडी पळते. श्रेय कोणाला? बिल ज्याचं मोठं त्याला. मडकं घडायच्या आधी कुंभाराचं गाढव माती घेऊन आलेलं असतं खरं, पण म्हणून गाढव मडक्याचं कारण होत नाही. न्यायशास्त्र त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूला काढतं. आपल्या गॅरेजांत बहुतेक वेळा गाढवाचा सत्कार होतो आणि दोन तांब्याचे वॉशर कचऱ्यात जातात. पंप-रूमचे लोक लबाड असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्यासमोर सुटा पंप येतो. गाडी येत नाही. ते पंपाचं दुखणं सांगणार, गाडीचं कसं सांगतील?

बेंचचंही तसंच. बेंचवर पंपाला स्वच्छ, ठरावीक जातीचं चाचणी-तेल मिळतं, ठरावीक तापमानाला, ठरावीक दाबाने, बेंचच्या स्वतःच्या पुरवठ्यातून. म्हणजे नेमकी जी गोष्ट गाडीवर संशयित आहे, ती इथे आधीच निर्दोष करून ठेवलेली असते. बेंच पंपाबद्दल खरं सांगतो आणि पुरवठ्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि दहा वर्षं चाललेला कुठलाही पंप बेंचवर चढवा, एखाद्या एलिमेंटचं माप दोन-चार घन मिलिमीटर इकडेतिकडे निघणारच. साठीच्या कुठल्याही माणसाची संपूर्ण तपासणी केली तर काहीतरी निघतं. पण तो आला होता ती पोटदुखी त्यामुळेच, हे त्यातून ठरत नाही. दोष सापडला आणि कारण सापडलं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पंप-रूमच्या चिठ्ठीवर पहिलं लिहिलेलं असतं आणि आपण दुसरं वाचतो.

धुराबद्दल तर आणखी गोंधळ. काळा धूर आणि ओढ कमी, ही तक्रार घेऊन लोक पंपाकडे जातात, डिझेल कमी येतंय म्हणून. काळा धूर म्हणजे डिझेल हवेच्या मानाने जास्त झालं. अशा गाडीत आधी एअर फिल्टर उघडावा. विटांच्या किंवा साखर कारखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो मातीने लिंपलेला सापडतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, किंवा हेडगॅस्केटमधून शिरलेल्या पाण्याच्या वाफेचा. म्हणजे इथे धूर दिसतो आणि अग्नी नसतो. नैयायिक म्हणेल, तो धूर नव्हेच, बाष्प आहे, आणि बाष्पाला धूर समजण्याची चूक आम्ही आधीच नोंदवून ठेवली आहे. मान्य. निळा धूर इंजिन ऑइलचा. पुरवठा कमी पडतोय याची खरी खूण यांपैकी एकही नाही. ती खूण अशी: पाय तळाला, ओढ नाही, आणि सायलेन्सरमधून धूरही नाही. उपाशी माणूस ढेकर देत नाही.

चौथा मुद्दा नव्या डिझेलचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलात गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुणही कमी होतो, हे खरं. स्वीडनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असं डिझेल आणलं तेव्हा तिथले रोटरी पंप झिजू लागले होते. पण त्यातूनच वंगणगुण देणारी रसायनं मिसळायची पद्धत पडली, आणि घर्षणचाचणीत पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा, ही अट आपल्या डिझेललाही लागू आहे. शिवाय रोटरी पंपाचं सगळं वंगण डिझेलवर अवलंबून. आपल्या जुन्या उभ्या पंपाची कॅमशाफ्ट आणि टॅपेट ऑइलमध्ये न्हातात. नवं डिझेल जुन्या गाडीला बाधतं ते दुसरीकडे. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचं डिझेल आलं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी रिंगा गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलात फुगून बसलेलं नायट्राइल रबर नव्या डिझेलात आकसतं. म्हणजे फीड पंपाची रिंग, होजचं तोंड, वाटीचं वॉशर. ही सगळी हवा शिरायची दारं आहेत. पंपवाद्यांनी पुढे केलेला साक्षीदार असा माझ्याच बाजूने बोलतो. आता राहिलं भेसळीचं: रॉकेलने वंगणगुण मरतो, यात शंका नाही, पण ते नव्या डिझेलच्या माथी मारू नये.

खंडन झालं, मंडन त्या मानाने सोपं आहे, कारण त्याला बेंच लागत नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, दोन मीटर पारदर्शक नळी आणि दोन पाने पुरतात. कॅन इंजिनापेक्षा उंच टांगायचा, नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायची, हवा काढायची आणि त्याच चढावर गाडी न्यायची. हुंदके गेले तर टाकी किंवा सक्शन लाइन दोषी. राहिले तर ती निर्दोष. अर्ध्या तासात निम्मा नकाशा पुसला जातो. टाकीतच दोष निघाला तर आधी झाकण पाहावं. झाकणाचं श्वासछिद्र चिखलाने बुजलं की टाकीत निर्वात साचतो. गाडी तासाभराने मरते, झाकण उघडताच फस्स होऊन पुन्हा जिवंत होते. टाकीत चिंधी किंवा पान पडलं असेल तर ते ओढीने नळीच्या तोंडावर जाऊन बसतं आणि गाडी बंद झाली की आपोआप गळून पडतं. मिस्त्री येईपर्यंत गाडी ठणठणीत, आणि ड्रायव्हर खोटा.

हीच पारदर्शक नळी फीड पंपाच्या अलीकडे लाइनमध्ये बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्यावर वाद घालता येत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजला आणि फरक मोठा निघाला तर फिल्टर तुंबला. मोजमाप भाराखाली घ्यावं. आयडलिंगला इंजिनाला ताशी दीड-दोन लिटर पुरतात. बुजलेला फिल्टरही तेवढं देतो आणि गॅरेजच्या अंगणात गाडी सतीसावित्री दिसते. दाब सगळीकडेच कमी असेल तर परतीचा होज क्षणभर चिमटून पाहावा. दाब चढला तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली आहे. नाही चढला तर फीड पंप.

एखादंच सिलिंडर मिसिंग करत असेल तर आयडलिंगला एकेका नोझलचा युनियन नट सैल करावा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या ठोक्यात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच मेलेलं. मग त्याचं नोझल शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचं त्याला. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल. तिथेच राहिला तर काँप्रेशन, नाहीतर पंपाचं ते एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह. असताना असतं का आणि नसताना नसतं का, असं दोन्ही अंगांनी पाहणं, यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. फरक इतकाच की इथे हाताला डिझेलचा वास राहतो. सुट्या नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट मात्र कधी धरू नये. २०० बारचा फवारा कातडीला न विचारता आत जातो, आणि मग बोट वाचवायला शस्त्रक्रिया लागते.

एवढं सगळं सांगणाऱ्याने एक कबुली द्यायला हवी. मागे एका पावसाळ्यात ओळखीच्या एकाची गाडी दोन महिने उभी होती. दसऱ्याला काढायची म्हटली तर सुरूच होईना. ‘पंप गेला’ असं तिथला मिस्त्री म्हणाला आणि मी त्याला हसलो. दोन दिवस मी टाकी, होज, वॉशर, जाळी, फिल्टर करत बसलो. गॅलरीपर्यंत डिझेल स्वच्छ, दाबाने येत होतं. नोझलचा एक नट सैल करून स्टार्टर मारला असता तर वर थेंबही येत नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. ते मी केलं नाही, कारण पंप दोषी नसणार हे माझं आधीच ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने पंपाचं कुशीचं झाकण काढून दाखवलं. तिसऱ्या एलिमेंटचा प्लंजर गंजून बॅरलमध्ये अडकला होता आणि त्याने सगळा रॅक, शेवटी गाडी बंद केली त्या जागी, घट्ट धरून ठेवला होता. पंप खरोखरच गेला होता. मिस्त्री काही बोलला नाही. मी हात पुसत गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो, तर टाकीच्या तोंडाला झाकण नव्हतं. जुन्या लुगड्याची चिंधी कोंबलेली होती आणि ती अजून ओली होती.